दोघांत मिळून वीस किलो

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाच्या. आईचं शिलाई मशीन दारातून आत घेताना दोन हमालांनी एकमेकांना जी अक्कल शिकवली ती सगळी मला फुकटात ऐकायला मिळाली. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे हातभर गॅलरी, आणि गॅलरीतून समोर दिसते ती माझ्या नव्या नोकरीची इमारत. रस्ता ओलांडला की ऑफिस. उशिरा पोचायला आता एकही सबब उरलेली नाही.

खिडकीजवळची जागा आईने मशीनसाठी धरून ठेवली. मनगटाचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले, पण उजव्या हातात जोर म्हणून नाही. कात्री धरली की गळून पडते. शिवणकाम करून तिने मला वाढवलं, शिकवलं, आणि बाकी कशाचं तिला काही वाटत नाही. पण कात्री खाली पडली की तिचा चेहरा असा उतरतो की मला बघवत नाही. इथे ती बरी होणार, असं मला आतून वाटतंय. घर उजेडाचं आहे, हवा कोरडी आहे, लेक हाकेच्या अंतरावर आहे. आणखी काय लागतं.

५ फेब्रुवारी

काम आवडलं. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसांना हिंडतंफिरतं करून घरी पाठवायचं, असं हे केंद्र. डझनभर माणसं आहेत. रोज सकाळी प्रत्येकाच्या हातात एक यंत्र द्यायचं, ते त्यांनी तीनदा दाबायचं, सगळ्यांत मोठा आकडा मी टिपायचा. मुठीचा जोर किती किलो, ते त्यावर कळतं. इथल्या मोठ्या डॉक्टर म्हणाल्या, की मुठीचा जोर म्हणजे अंगाचा जोर. मूठ ढिली पडायला लागली की माणूस ढिला पडतोय असं समजायचं. आता थंडीत खोली उबदार ठेवली तर मूठ सुधारते का, हे त्यांना हवंय. म्हणजे रोज खोलीचं तापमान एका रकान्यात, मुठीचा आकडा दुसऱ्यात, आणि दोघांचा सहसंबंध काढायचा. त्यासाठी इंटरनेटवरचा एक फुकट कॅल्क्युलेटर आहे. जोडीला नाव द्यायचं, रकाने चिकटवायचे, बटण दाबायचं.

रात्रीच्या जेवणाला आईला समजावून सांगितलं. दोन्ही आकडे बरोबरीने वाढत असतील तर उत्तर एकच्या जवळ येतं, एक चढताना दुसरा उतरत असेल तर उणे एकच्या जवळ, आणि एकाला दुसऱ्याचं सोयरसुतक नसेल तर शून्य. आईने विचारलं, की मग कोण कुणाला ओढतंय तेही कळत असेल. म्हटलं, नाही, नेमकं तेच कळत नाही. तर म्हणाली, मग त्याचा उपयोग काय. म्हटलं, पगार मिळतो.

इथला एक रिवाज आहे. नवीन माणसाने दुसरं यंत्र घरी न्यायचं आणि घरातल्या कुणावर तरी रोज सराव करायचा, हात बसेपर्यंत. मी आईला धरलं. आज तिचा आकडा आठ.

९ फेब्रुवारी

केंद्रात माझं बारसं झालं. घड्याळवाले आजोबा मला आकडेबाई म्हणतात आणि आता सगळेच म्हणतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. झटका येऊन गेल्यावर उजवी बाजू जरा मागे पडली आहे. उशाशी एक बंद पडलेलं घड्याळ आणि काडीएवढा पेचकस. लेक न्यायला आली की तिच्या देखत ते उघडून चालू करायचं, असा त्यांचा पण आहे. यंत्र दाबताना डोळे मिटून घेतात आणि मग मला विचारतात, की आकडा विकत घ्यायचा झाला तर केवढ्याला पडेल. आज बारा.

मला वाटतं, आईशी यांचं जमेल. दोघांचं अडलंय ते हातावरच.

१२ फेब्रुवारी

आज एक वेंधळेपणा केला. आजोबांची जोडी भरताना खोलीच्या तापमानाऐवजी सरावातला आईचा रकाना चिकटवला. दोन्ही माझ्याच फायलीत शेजारी असतात. उत्तर आलं उणे ०.३१, आणि वर नाव दिसलं, ‘आजोबा – आई’. मग कळलं. पण तोवर कॅल्क्युलेटरने ‘ही जोडी ठेवायची का’ असं विचारलेलं आणि मी सवयीने ‘हो’ केलेलं. रोज ठेवतोच आपण, म्हणजे उद्या नुसता नवा आकडा घालता येतो.

‘जोडी मोडा’ असं एक बटण आहे, पण ते करडं पडलंय, दाबलं जात नाही. राहू दे म्हटलं. ठेवलेल्या सगळ्या जोड्या भरल्याशिवाय कॅल्क्युलेटरचं पान पुढच्या माणसाकडे जाऊ देत नाही, म्हणून रोज हाही रकाना भरावा लागणार. घरचा एक आकडा जास्त, त्यात काय मोठंसं.

१७ फेब्रुवारी

आईचा आज तेरा! सकाळी मी यंत्र हातातून काढून घेतलं तर तिने सरळ कात्री उचलली आणि जुन्या चादरीचा एक लांब तुकडा कापला, शेवटपर्यंत, न थांबता. मग तुकडा हातात धरून बसून राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. आनंदाचं रडू तिच्यासमोर रडलं की ती ओरडते.

केंद्रातल्या व्यायाम मास्तरांनी तिला पिळायला एक मऊ चेंडू दिला होता, त्याचा गुण दिसतो. केंद्रात मात्र आजोबांच्या हातून पेचकस सुटून पलंगाखाली गेला. मी काढून दिला. त्यांनी काही विनोद केला नाही. आज त्यांचे सात.

जोडीचं उत्तर उणे ०.८८ आलं. कॅल्क्युलेटर शेवटचे थोडेच दिवस धरतो, तेव्हा असं होतं.

२० फेब्रुवारी

उणे १. बरोबर उणे १.००. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात खऱ्या माणसांच्या आकड्यांवर हे उत्तर मी पाहिलेलं नाही. माणसं इतकी नीट वागत नाहीत.

आकडे समोर ठेवून पाहिले. सतरा तारखेपासून आई आणि आजोबा यांची बेरीज रोज वीस. तेरा आणि सात. चौदा आणि सहा. पंधरा आणि पाच. दोघांत मिळून वीस किलो आहेत आणि ते इकडून तिकडे जाताहेत.

मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधी कधी. तुम्ही आकडेवाल्या असून असं बोलता, असंही म्हणाल्या. मी शिकले तेही हेच. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी स्वतः लोकांना सांगत आले. मी हसून परत आले. हसू काही खरं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

आजोबांना श्वास लागतोय. लेकीला कळवलं. त्यांचे चार. आईचे सोळा, ती सकाळपासून गुणगुणत मशीनवर बसली आहे, माझ्या पडद्यांना झालर लावतेय. पायाने मशीन, हातात कापड, बाजूला तो चेंडू. दोन ओळी शिवल्या की चेंडू पिळते.

दारात उभी राहून मी तिचा हात बघत होते. ती चेंडू पिळायची आणि मला रस्त्यापलीकडची आजोबांची खिडकी दिसायची.

दुपारी ती झोपली तेव्हा मी चेंडू कपाटावर मागे टाकला. उठल्यावर सांगितलं, की मास्तरांनी आता हाताला आराम द्यायला सांगितलाय. खोटं बोलले. पण एक माणूस समोर मरतोय आणि मी पडदे बघत बसू का.

२३ फेब्रुवारी

आजोबा नऊ. उठून बसले, पेज मागून घेतली, मला आकडेबाई म्हणाले. केंद्रात आनंदीआनंद. व्यायाम मास्तर म्हणाले, की त्यांच्या नव्या व्यायामाने ही कमाल केली.

आई अकरा.

अकरा चालेल, असं मी मनाशी म्हटलं. अकरात कात्री धरता येते. इथेच थांबू दे.

२६ फेब्रुवारी

थांबत नाही. आजोबा चौदा, आई सहा. चेंडू काढून परत तिच्या हातात दिला, ती पिळू बघते, बोटं मिटत नाहीत. गंमत म्हणजे पानावर रकान्यांची अदलाबदल करायचं बटण आहे. आई आधी, आजोबा नंतर. दाबून पाहिलं. तेच उत्तर. कोण कुणाला ओढतंय याचा त्याला काही पत्ता नाही आणि फरकही पडत नाही.

आजोबांची लेक आली होती. फार साधी बाई. डॉक्टरांनी तिला सांगितलं, की वीस झाले की जिन्याचा कठडा नीट धरता येईल, मग खुशाल घरी न्या. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, की तुम्ही रोज जीव लावून मोजता म्हणून बाबा सुधारले.

पानाच्या खाली एक चौकोन असतो. एका रकान्याचा आकडा घाला, दुसऱ्याचा अंदाज मिळतो. मी आजोबांचे वीस घातले.

आईच्या समोर शून्य.

१ मार्च

सगळं करून झालं. मोजणं बंद केलं. दोन दिवसांनी मोजलं तर बेरीज वीसच. कॅल्क्युलेटर उघडलाच नाही, तरी वीस. पान चालवणाऱ्यांना लिहिलं, उत्तर नाही. आईला केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, थकवा आहे म्हणाले. व्यायाम मास्तरांना म्हटलं, आजोबांचे व्यायाम जरा कमी करा. त्यांनी हळूच विचारलं, की ताई, तुमची झोप होते ना नीट.

आईला आता पाण्याचा पेला दोन हातांनी धरावा लागतो. म्हणते, वय झालं. तिचं वय एका आठवड्यात होत नसतं, हे मी तिला कसं सांगू.

३ मार्च

आजोबांना सांगितलं. दुसरं कुणी उरलं नव्हतं. वाटलं हसतील. हसले नाहीत. बराच वेळ त्या बंद घड्याळाला चावी देत बसले, मग म्हणाले, की एक काटा ओढला की दुसरा हलतो, आत चाक असतं. चाक कुठे आहे तेवढं शोध, बेटा. आणि यंत्र मागितलं. अगदी हळू दाबलं. आकडा आला दहा. माझ्याकडे बघून म्हणाले, लिही दहा, आणि घरी जाऊन बघ.

मी रस्ता पळत ओलांडला. आईचे चार.

खोटं दाबून भागत नाही. त्यांचे सोळा आहेत ते आहेतच, दाबले काय आणि न दाबले काय. संध्याकाळी जाऊन त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. म्हणाले, मला घरी जायचंय गं. त्यांनी का म्हणून घरी जाऊ नये.

इकडे आड, तिकडे विहीर. आणि मी मधे वही घेऊन.

५ मार्च

आई उठत नाही. तीन. मी भरवते. दोन घास खाते आणि मला विचारते, झालर पुरी झाली का.

पानावर एक बटण चालू आहे. ‘रकाना बदला’. जोडी मोडता येत नाही, रकाना बदलता येतो. सगळे पाच पाच घालून पाहिले, तर म्हणालं या रकान्यात चढउतार नाही, गणित होत नाही. खोलीचं तापमान घातलं, घेतलं त्याने. जीव भांड्यात पडला. दुपारी बघते तर परत ‘आई’. मनानेच आकडे रचून घातले. परत ‘आई’.

खरा हात लागतो. कुणाचा तरी.

नावं डोळ्यांपुढून गेली, खोटं का लिहू. मास्तरांचं गेलं. मोठ्या डॉक्टरांचं गेलं. केंद्रातल्या त्या आजींचं, ज्यांना भेटायला कुणीच येत नाही. प्रत्येक वेळी बोट बटणावर ठेवलं आणि काढलं. नाही जमलं.

माझे अठ्ठावीस आहेत. भरपूर आहेत. त्यांतून आजोबा किती नेतील, चार नेतील. नेऊ देत.

सरावाच्या पहिल्या दिवसांत मी माझाही हात मोजायचे, ते आकडे आहेत. घातले. नाव घातलं. ‘हो’ केलं.

६ मार्च

आईचे दहा. सकाळी स्वतः उठली, चहा केला, दोन कप. कप उचलून माझ्यापुढे ठेवला. एका हाताने.

मी कप धरला आणि तो खाली पडला.

माझे तीन. अठ्ठावीसमधून चार नाही गेले. आईच्या जागी मी गेले, जागा तीच. दोघांत मिळून वीस. सतरा त्यांचे.

७ मार्च

कामावर गेले नाही. कपड्यांची बटणं लागत नाहीत. आईने विचारलं, काय झालं. सांगितलं, हात अवघडलाय. अक्षर बघ कसं आलंय – पेन दोन बोटांत धरता येत नाही, मूठ करून धरलंय.

भीती वाटते. फार वाटते. मोठं मन करून बटण दाबलं होतं, आता तेही उरलं नाही. मला जगायचंय.

८ मार्च

अठरा असणार. जिना चढून बघतात म्हणे. मास्तरांनी निरोप दिला – आजोबा विचारत होते आकडेबाई कुठे. परवा लेक नेणार.

श्वास पुरत नाही. दोन ओळींत दमले.

आई शिवतेय. आवाज येतो. छान वाटतं तो.

९ मार्च

आईला कळलं. वही उशाशी होती – नाही, वहीतून नाही, मीच सांगितलं. रडत होते, ती विचारत होती, सांगितलं. वाटलं वेड्यात काढेल. नाही काढलं. तिने इतकंच विचारलं, की ते पान फोनवर पण उघडतं का.

मी म्हटलं, नाही.

माझं खोटं तिला नेहमी कळतं.

१० मार्च

आजोबा खाली आलेत – गॅलरीतून दिसतं – लेकीने गाडीचं दार धरलंय – त्यांनी कठडा सोडून वर हात केला, इकडे –

पेन दातांत –

आई माझ्या शेजारी. फोन तिच्या हातात. चष्मा लावलाय. यंत्र दाबून झालं तिचं, माझ्या जागी स्वतःचा आकडा घालतेय – मी नको म्हटलं – म्हणाली, तू अजून लहान आहेस गं, तुला खूप शिवायचंय आयुष्यात – काहीतरीच बोलते –

मी तिचा हात धरला. धरला म्हणजे ठेवला त्यावर. तिने तो अलगद बाजूला केला, बाळाचा करतात तसा. मला धरून ठेवता येत नाही. आई

‘हो’ वर बोट –

आई, नको, माझ्या हातात जोर येतोय